मागे गेलं म्हणून समोरून? : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट

वाद मामांनी सुरू केला आणि प्रकल्पही त्यांच्यामुळेच उभा राहतोय, म्हणून पहिली नोंद त्यांच्या वाक्यानं: "अगं, ढकललं की माणूस ढकललेल्या बाजूला जातो. केनेडींचं डोकं मागे गेलं, म्हणजे गोळी समोरून आली. एवढ्याला न्यूटन कशाला लागतो?"

मामांचं आयुष्य लेथवर गेलं. लोखंड कुठे वाकेल हे ते हात लावून सांगतात, त्यामुळे त्यांचं "दिसतंय की" मला कधीच उडवून लावता येत नाही. मी म्हटलं, "मामा, लागतो. उलट न्यूटननंच बघू." मग ठरलं की कटात कोण होतं, कुणाला काय हवं होतं, यात शिरायचं नाही. एकाच प्रश्नाला हात घालायचा: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येची जी फिल्म आहे, तिच्यातल्या हालचालीवरून गोळीची दिशा सांगता येते का? प्रयोग घरातल्या वस्तूंवर, गणित कागदावर.

आणखी एक नियम मी घातला. फ्रेम ३१३, म्हणजे डोक्याला गोळी लागते ते चित्र, गरजेपुरतीच बघायची. तो एका माणसाचा मृत्यू आहे, शेजारी त्याची बायको बसलेली आहे. मोजमापाच्या प्रिंटवर मी चेहऱ्यांवर कागदाची पट्टी चिकटवली. मामा काही बोलले नाहीत, पण पट्टी सरकली तेव्हा त्यांनीच ती परत नीट बसवली.

४ ऑगस्ट

हाताशी असलेली माहिती एका जागी लिहून ठेवते.

२२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, डीली प्लाझा, दुपारी साडेबारा. अब्राहम झप्रूडर हे कपड्यांचे व्यावसायिक एका काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभे राहून ८ मिलिमीटरच्या बेल अँड हॉवेल कॅमेऱ्यानं चित्रण करत होते. फिल्म २६ सेकंदांच्या थोडी वर, एकूण ४८६ फ्रेम. एफबीआयनं कॅमेरा तपासला, सरासरी वेग निघाला सेकंदाला १८.३ फ्रेम. म्हणजे एक फ्रेम ५५ मिलिसेकंदांची. हा आकडा आमचं घड्याळ.

हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या म्हणण्यानुसार गोळ्या मागून आल्या, टेक्सस स्कूल बुक डिपॉझिटरी या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून. रायफल ६.५ मिलिमीटरची मानलिकर-कारकानो. गोळीचं वजन सुमारे १०.४ ग्रॅम, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ६६० मीटर. फ्रेम ३१३ च्या वेळी खिडकीपासूनचं अंतर २६५ फूट, म्हणजे ८१ मीटर. तिथे पोचेपर्यंत वेग ५५० च्या आसपास उतरलेला.

मामांचा बंदूकधारी गवताळ उंचवट्यावरच्या लाकडी कुंपणामागे, गाडीच्या उजवीकडे आणि थोडा पुढे.

१० ऑगस्ट

सरावाचं गणित. फ्रेम १६१ ते ३१३ या काळात गाडी १३६ फूट पुढे गेली. मामांना म्हटलं, वेग तुम्ही काढा.

१५२ फ्रेम भागिले १८.३, म्हणजे ८.३ सेकंद. १३६ फूट म्हणजे ४१.५ मीटर. उत्तर सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किलोमीटर. आयोगाचा आकडा ताशी ११.२ मैल, तोही तेवढाच. मामा खूश झाले. सरकारी अहवालातला एक आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं पडताळला होता, आणि त्यांच्या दृष्टीनं ही छोटी गोष्ट नव्हती.

पण हा वेग सरासरी आहे. लुईस अल्वारेझ (१९६८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल) यांनी फिल्ममधून दाखवलं की फ्रेम ३०० च्या जरा आधी गाडी ताशी १२ मैलांवरून ८ मैलांवर आली होती. म्हणजे नेमक्या त्या क्षणाच्या आसपास गाडीतल्या सगळ्यांवर ब्रेकचा परिणाम होता. पुढे कामाला येईल.

११ ऑगस्ट

लोलकाचा प्रयोग. एक किलोचा लाकडी ठोकळा दीड मीटर दोरीला टांगला आणि त्यावर ४० ग्रॅमचा ओल्या मातीचा गोळा फेकला. गोळा चिकटला की ठोकळा १२ सेंटीमीटरच्या आसपास झुलतो. उलटं गणित करून फेकीचा वेग निघाला सेकंदाला ८ मीटर. मोबाइलच्या व्हिडिओतून मोजला तर ७.६. इतका फरक चालेल.

आता तेच गणित डॅलसला. गोळीचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग: ०.०१०४ गुणिले ५५०, सुमारे ५.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. डोक्याचं वस्तुमान साडेचार किलो धरलं आणि गोळी आतच राहिली असं मानलं, तर वेग सेकंदाला १.३ मीटरच्या आत. पण गोळी आत राहिली नाही. तिचे दोन मोठे तुकडे गाडीच्या पुढच्या भागात सापडले, म्हणजे काही संवेग त्यांनी सोबत नेला. आणि डोकं मानेनं धडाला जोडलेलं. धडाचे तीसेक किलो हिशोबात घेतले तर उरतात सेकंदाला जेमतेम १५-१६ सेंटीमीटर.

मामा कागदाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पुढूनही गोळी आली असती तरी एवढंच?"

हो, एवढंच. मामांनी तरुणपणी रायफल चालवलेली आहे, म्हणून त्यांना त्यांच्या खांद्याची आठवण करून दिली. गोळी निघताना जेवढा संवेग पुढे जातो, तेवढा (दारूच्या वायूंचा धरून थोडा जास्तच) नेमबाजाच्या खांद्यावर मागे येतो. नेमबाज उडून पडत नाही. मग लागणाऱ्यालाच ती गोळी कशी उडवेल? पडद्यावर माणसं गोळी लागून भिंतीवर आदळतात, आणि आपल्या डोळ्यांना तीच सवय लागलेली आहे.

यातून मागून गोळी आली हे सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की धडासकट मागे जाण्याचं कारण नुसत्या गोळीच्या धक्क्यात सापडणार नाही, गोळी कुठल्याही बाजूची असो.

१२ ऑगस्ट

वेळेचाही मुद्दा लिहून ठेवते, रात्री सुचला. गोळीला डोक्याच्या आरपार जायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. धक्का द्यायचा तर तेवढ्यात द्यायचा. पण फिल्ममध्ये मागे जाण्याचा वेग ३१४ पासून पुढे काही फ्रेम वाढत जातो आणि ३२१ च्या सुमाराला पाठ सीटला टेकते. म्हणजे जोर कित्येक दशांश मिलिसेकंद नव्हे, शेकडो मिलिसेकंद लागत होता. असा जोर स्नायूंच्या आकुंचनातून येऊ शकतो, गाडीच्या वेगबदलातून येऊ शकतो. हत्येची पुन्हा चौकशी करणाऱ्या १९७९ च्या अमेरिकी संसदीय समितीपुढेही स्नायूंच्या झटक्याचा मुद्दा आला होता. घणाचा ठोका आणि हातानं ढकलणं यातला फरक मामांना समजावून सांगावा लागला नाही.

१७ ऑगस्ट

आज माझ्या बाजूचा आवडता पुरावा तपासला, आणि तो माझ्या हातून गेला.

३१२ ते ३१३ या एका फ्रेममध्ये डोकं आधी पुढे जातं, मग मागे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. जोसाया टॉम्प्सन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी (पुढे ते खासगी गुप्तहेर झाले) १९६७ मध्ये हे अंतर मोजलं होतं, दोन इंचांहून थोडं जास्त. साडेपाच सेंटीमीटर भागिले ५५ मिलिसेकंद, सेकंदाला एक मीटर. आधीच्या १.३ च्या आतलं आणि मागून आलेल्या गोळीशी जुळणारं. इतकं छान जुळलं की मला त्याचा संशयच आला नाही.

मामांनी विचारलं, "३१३ इतकी पुसट का आहे?"

कॅमेरा हलल्यामुळे. ३१२ बऱ्यापैकी स्पष्ट आहे, ३१३ आडवी फराटलेली आहे. मग प्रयोग केला. टेबलावर एक कप ठेवला, मोबाइलचा शटर वेग मुद्दाम कमी केला आणि चित्रण चालू असताना मोबाइलला हलका हिसका दिला. स्पष्ट फ्रेममधली कपाची कड आणि पुसट फ्रेममधली कड, दोन्ही प्रिंटवर पट्टीनं मोजल्या. जागचा न हललेला कप माझ्या मोजणीत दीड सेंटीमीटर पुढे गेला होता.

टॉम्प्सन यांनीही नंतर नेमक्या याच कारणानं आपलं मोजमाप मागे घेतलं. त्यांचा कल आज समोरून गोळी आली याकडे आहे. आकडा आवडता होता म्हणून धरून बसले नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मोजणी टिकते असं म्हणणारेही आहेत. पण त्या वेळी गाडी मंदावत होती आणि पुढचेही लोक किंचित पुढे झुकत होते, हे त्यात मिसळलेलं आहेच. म्हणून आमच्या वहीत "आधी पुढे" या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मीच टाकलं.

१८ ऑगस्ट

वाचताना सापडलेली गोष्ट. आयोगानं छापलेल्या खंडांमध्ये फ्रेम ३१४ आणि ३१५ उलट क्रमानं छापल्या गेल्या होत्या. त्या क्रमानं पाहिलं तर डोकं पुढे गेल्यासारखं वाटतं. एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांनी ती छपाईतली चूक असल्याचं कळवलं. फिल्म चालती अशी राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिली ती थेट मार्च १९७५ मध्ये. अकरा वर्षं दडून राहिलेली आणि छापताना क्रम बदललेली फिल्म अचानक समोर येते आणि डोकं मागे जाताना दिसतं. लोकांचा संशय मला अजिबात वेडगळ वाटत नाही. मामांनाही मी हेच सांगितलं.

२४ ऑगस्ट

उंदराचा चाप.

अल्वारेझ यांचं म्हणणं असं की मागून आलेली गोळी लागली तरी वस्तू मागे, म्हणजे नेमबाजाकडे येऊ शकते. आतला भाग पुढच्या बाजूनं जोरात बाहेर पडला तर उरलेला भाग उलट दिशेला ढकलला जातो, फुगा सोडल्यावर पळतो तसा. त्यांनी चिकटपट्टी गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडल्या, सातपैकी सहा खरबुजं रायफलीच्या दिशेनं परत आली. १९७६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये छापलं.

आमच्याकडे बंदूक नाही आणि नकोच. मामांनी चार बेअरिंगवर एक गाडी केली, वजन चापासकट ४२० ग्रॅम. त्यावर लाकडी उंदीरचाप असा बसवला की ६ ग्रॅमची मातीची गोळी आमिषाच्या पत्रीला लागली की चाप सुटावा आणि ५० ग्रॅमचं लोखंडी वजन पुढे भिरकावलं जावं. गोळी गुलेरीतून, वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास.

गोळी लागली, वजन पुढे गेलं आणि गाडी घरंगळत मामांच्या पायाशी आली. ३० फ्रेममध्ये २० सेंटीमीटर, मोबाइल सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. मामांनी गाडी उचलली, चाकं फिरवून पाहिली, परत ठेवली. "परत मार." दहा वेळा मारलं, आठ वेळा पत्रीला नेम लागला, आठही वेळा गाडी मारणाऱ्याकडे आली.

२५ ऑगस्ट

सकाळी मामा कागद घेऊन हजर. रात्रभर हिशोब केला होता.

"तुझ्या गोळीची ऊर्जा ०.३ ज्यूल. बाहेर फेकलेल्या वजनाची अर्ध्या ज्यूलच्या वर. ही जास्तीची आली कुठून? स्प्रिंगमधून. केनेडींच्या डोक्यात स्प्रिंग नव्हती."

शंभर टक्के बरोबर. गाडीनं एवढंच दाखवलं की मार लागलेली वस्तू मारणाऱ्याकडे येणं न्यूटनच्या नियमांना धरून आहे. पण ऊर्जा गोळीचीच असेल तर ते घडू शकतं का, हे तिनं दाखवलं नाही.

मग दोघं मिळून बसलो. मला या सगळ्या प्रकल्पातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो. ऊर्जा आणि संवेग यांची वाटणी सारखी होत नाही. संवेग म्हणजे दोन गुणिले वस्तुमान गुणिले ऊर्जा, त्याचं वर्गमूळ. तेवढीच ऊर्जा हलक्या वस्तूत असली तर संवेग कमी, जड वस्तूत असली तर जास्त. गोळी हलकी आणि वेगवान, म्हणून तिच्यात ऊर्जा भरपूर, सुमारे १५७० ज्यूल, आणि संवेग त्या मानानं थोडा.

यातली फक्त एक दशांश, १५७ ज्यूल, पुढे उडणाऱ्या १०० ग्रॅम वस्तुमानाला मिळाली असं धरू. वेग निघतो सेकंदाला ५६ मीटर, आणि संवेग ५.६. गोळीचा सगळा संवेग ५.७ होता! एक दशांश ऊर्जेत जवळजवळ पूर्ण बरोबरी. आणि गोळीनं आपला सगळा संवेग डोक्याला दिलेलाच नव्हता, त्यामुळे बेरीज मागच्या दिशेला झुकू शकते.

मामांनी ते आणखी आटवलं: उडालेलं वस्तुमान गुणिले ऊर्जेचा वाटा, हे गोळीच्या वजनापेक्षा जास्त भरलं की वस्तू मारणाऱ्याकडे येणार. १०० ग्रॅमचा दहावा हिस्सा १० ग्रॅम, गोळी १०.४ ग्रॅम. वेग समीकरणातून गळूनच जातो. मी इतकी वर्षं हा विषय वाचतेय, इतक्या सोप्या शब्दांत मला कधी मांडता आलं नव्हतं.

अट मात्र मोठी आहे: सगळं एकाच दिशेला उडायला हवं. चारी बाजूंना उडालं तर मागचा-पुढचा धक्का एकमेकांना खाऊन टाकतो.

३१ ऑगस्ट

स्प्रिंग नसलेलं लक्ष्य करून पाहिलं. घट्ट जेली भरलेली पिशवी, वरून कापडी पट्टी, दोरीला टांगलेली, गुलेरीतून मार. पिशवी पुढे गेली, दर वेळी. फुटलीच नाही, बाहेर काही पडलंच नाही, मग मागे ढकलणार कोण?

हे इथे लिहिणं गरजेचं आहे, कारण अल्वारेझ यांच्या चाचण्यांतही खरबुजांखेरीज इतर वस्तू होत्या. नारळासारख्या काही वस्तू गोळीच्या दिशेनंच गेल्या आणि छापलेल्या लेखात त्या आल्या नाहीत. त्यांची रायफलही वेगळी होती, गोळी मऊ टोकाची आणि जास्त वेगाची. खरबूज म्हणजे कवटी नव्हे. २०१८ मध्ये निकोलस नल्ली यांनी जखमेचं सविस्तर गणिती प्रारूप मांडलं आणि ते मागून आलेल्या गोळीशी जुळतं असा निष्कर्ष काढला, तरी माझ्या कागदावर मी "शक्य आहे" एवढंच लिहिणार. चाप सुटला तेव्हा मला "सिद्ध" लिहावंसं वाटलं होतं.

१ सप्टेंबर

खुर्च्या आणि दोरी. "जादूची गोळी" (आयोगाच्या म्हणण्यानुसार केनेडी आणि त्यांच्यापुढे बसलेले टेक्ससचे गव्हर्नर कॉनली या दोघांना लागलेली एकच गोळी) हवेत वळणं घेत गेली, हा मामांचा दुसरा मुद्दा. ते वळणदार चित्र काढताना केनेडी आणि गव्हर्नर कॉनली एकामागे एक, एकाच उंचीवर दाखवतात. प्रत्यक्षात कॉनलींची घडीची सीट खाली होती आणि दारापासून थोडी आत. पुढची खुर्ची आत सरकवली, पाय कापलेला पाट घेतला, सुतळी १७ अंशांनी खाली आणली (रस्त्याचा उतार वजा करून आयोगाचा कोन जवळपास तोच). सुतळी सरळ गेली. अर्ध्या तासाचं काम.

७ सप्टेंबर

उंचवट्याची दिशा. आम्ही दोघंही "समोरून" म्हणत होतो, पण नकाशावर पट्टी ठेवली तर फ्रेम ३१३ ला कुंपणाचा कोपरा गाडीच्या जवळपास काटकोनात, उजव्या कुशीला येतो. तिथून आलेल्या गोळीनं डोकं मुख्यतः डावीकडे, जॅकलिन केनेडींच्या अंगावर ढकललं गेलं असतं. झप्रूडर स्वतः त्याच बाजूला उभे होते, त्यामुळे डावीकडची हालचाल त्यांच्या कॅमेऱ्यापासून लांब जाणारी, नीट न दिसणारी. ठळक दिसते ती मागची हालचाल. म्हणजे मामांचा जो मुख्य पुरावा, तो मामांच्याच बंदूकधाऱ्याशी नीट जुळत नाही.

मामांनी लगेच १९७९ ची संसदीय समिती काढली: पोलिसांच्या रेडिओच्या मुद्रणावरून तिनं उंचवट्यावरून गोळी झाडल्याची शक्यता ९५ टक्के धरली होती. खरं आहे. पण त्याच समितीनं म्हटलं होतं की ती गोळी चुकली आणि केनेडींना लागलेल्या दोन्ही गोळ्या मागून आल्या. शिवाय १९८२ मध्ये नॉर्मन रॅमसे यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या गटानं दाखवलं की त्या मुद्रणात शेरीफ डेकर यांचं दुसऱ्या वाहिनीवरचं बोलणं पुसट ऐकू येतं, आणि ते बोलणं हत्येनंतर साधारण मिनिटभरानं झालेलं, म्हणजे मुद्रणातले ते आवाज हत्येच्या क्षणाचे नव्हेत. हा सुगावा लागला होता ओहायोतल्या स्टीव्ह बार्बर या ड्रमवादकाला, घरी बसून पुन्हा पुन्हा ऐकताना.

मामांना ड्रमवादक फार आवडला.

८ सप्टेंबर

मामांनी सकाळी फोन करून बोलावलं. "हालचालीवरून दिशा कळत नाही, हे मान्य. मग कशावरून कळते ते तरी सांग."

गॉगल, हातमोजे, खाली गोणपाट. वर्कशॉपमधला जाड काचेचा तुकडा उभा केला आणि गुलेरीतून स्टीलचा छर्रा मारला. तिसऱ्या प्रयत्नात काच न तडकता भोक पडलं. मारल्या बाजूला बारीक, गोल. उलट बाजूला त्याच भोकाभोवती उतरता खड्डा, नरसाळ्यासारखा. कडक, ठिसूळ पदार्थातून काही आरपार जातं तेव्हा निघायच्या बाजूला कपची उडते, आणि कवटीचं हाडही तसंच वागतं. हत्येच्या रात्री बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात झालेल्या शवविच्छेदनात कवटीच्या मागच्या भोकाचा उतार आतल्या बाजूला नोंदलेला आहे, आणि पुढच्या उजव्या बाजूच्या हाडाच्या तुकड्यावर तो बाहेरच्या बाजूला. मागच्या भोकाच्या नेमक्या जागेवर नंतरच्या तज्ज्ञांनी दहा सेंटीमीटरचा वाद घातला, तोही मामांना सांगितला.

मामांनी काच उजेडाकडे धरली. हातमोजा काढून अंगठ्याचं नख आधी बारीक बाजूवरून फिरवलं, मग उलटी करून खड्ड्याच्या उतारावरून, हळूहळू, लेथवरचा चॅम्फर तपासावा तसं.

"कुठून मारलं ते न बघताही सांगता येतं," ते म्हणाले, आणि काच कागदात गुंडाळून वहीशेजारी ठेवली.